रविवारची निसर्गफेरी आणि पहिल्या तारखेचा पगार: मुंबईतल्या मुलांसाठी मधली वाट कोणती?

सातवी_तासिका

नमस्कार. मी पूर्व उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली चौदा वर्षे जीवशास्त्र शिकवतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अकरावीच्या बावीस मुलांना, रीतसर परवानगी काढून आणि शुल्क भरून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर नेले होते. मुले अपेक्षेपेक्षा अधिक रमली. एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारा एकजण कोळ्याच्या जाळ्यासमोर वीस मिनिटे उकिडवा बसून होता. परतताना, भांडुपच्या टेकडीवर राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, आपल्याला माहिती सांगणाऱ्या त्या ताईंना ह्याचा पगार मिळतो का? किती मिळतो?" मी "आवड असली की मार्ग सापडतो" अशा आशयाचे काहीतरी बोललो, आणि बोरिवली स्थानक येईपर्यंत मला त्या उत्तराची लाज वाटू लागली.

या मुलीविषयी थोडे सांगतो, कारण तिच्यामुळेच हा धागा काढला आहे. तिच्या वस्तीच्या मागची भिंत ओलांडली की उद्यानाची हद्द सुरू होते, आणि बिबट्याच्या धास्तीने अंधार पडल्यावर आई तिला सार्वजनिक शौचालयात एकटी जाऊ देत नाही. मात्र त्याच उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी यायचे तर तिला दादरला गाडी बदलून पुन्हा उत्तरेला यावे लागते, किंवा जोडरस्त्याच्या बसमध्ये दीड तास उभे राहावे लागते. जंगल तिच्या पाठीला लागून आहे. पण त्या जंगलात पोटापाण्याचे काम असू शकते, हे तिला सांगणारे माणूस तिच्या ओळखीत एकही नाही. मीही धरून.

मुंबईत दाखवण्याजोगे कमी आहे, अशी तक्रार कोणालाच करता येणार नाही. शंभर चौरस किलोमीटरहून मोठे राष्ट्रीय उद्यान महापालिकेच्या हद्दीला चिकटून आहे. ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगोंसाठी) अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून याच शहरात आहे, आणि धारावीच्या कडेला जिथे कचऱ्याचे डोंगर होते तिथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. पर्यावरण हा विषय अकरावी-बारावीला सक्तीचाही केला गेला. त्याचे आम्ही शिक्षकांनी काय केले, हे कबूल करायला हरकत नसावी: मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या पुढच्या वर्षीच्या मुलांकडे जातात, "माझ्या परिसरातील जलप्रदूषण" हा प्रकल्प त्याच चित्रांसह पुन्हा सादर होतो आणि आम्ही त्यावर सही करतो.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. आवडीतून मार्ग सापडतो याचे उदाहरण म्हणून आपण हटकून पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचे नाव घेतो. त्यांचे मोठेपण वादातीत आहे, पण त्यांचा मधला काळ आपण मुलांना सांगत नाही. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणी सर्वेक्षण खात्यातली जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याचे काम मिळाले. पण पुढील शिक्षण घेऊन १९३० मध्ये ते जर्मनीहून परतले तेव्हा निधीअभावी ती जागाच राहिली नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीमला सासरच्या घरी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला, आणि पुढे संस्थानांची पक्षीसर्वेक्षणे "वेतन नको, खर्च द्या" या अटीवर केली. माझ्या विद्यार्थिनीला किहीमला घर नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. ज्या घरात दर महिन्याला पैसे यावेच लागतात, अशा घरातल्या मुलामुलींसाठी या क्षेत्रात नेमक्या कोणत्या नोकऱ्या आहेत, त्यांना काय शिकावे लागते, आणि पहिला पगार केव्हा मिळतो? कृपया "आवड महत्त्वाची" हे उत्तर देऊ नये. ते मी देऊन बसलो आहे.

जाळरेषा

सर, मी वनविभागातून वनपाल म्हणून निवृत्त झालो, आता डोंबिवलीत असतो. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर वनरक्षक हे आहे, आणि मुंबईतले सुशिक्षित लोक नेमके तेच पद विसरतात.

बारावी उत्तीर्ण असावे लागते, आणि विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेतलेला असावा लागतो. म्हणजे भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतलेली कला शाखेची मुलेही पात्र ठरतात, हे बहुतेकांना ठाऊक नसते. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीपर्यंतची सवलत आहे. आरे आणि येऊरच्या पाड्यांवरच्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचायला हवी. लेखी परीक्षा होते, शारीरिक मोजमाप होते, आणि धावण्याची चाचणी असते: पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३. मूळ वेतनाची सुरुवात २१,७०० रुपयांपासून होते. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. माझ्या शेवटच्या परिक्षेत्रातली सर्वांत खमकी बीटगार्ड, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा भाग सांभाळणारी वनरक्षक, एक मुलगीच होती. लाकूडचोरांचा टेम्पो तिने एकटीने अडवला आणि नंतर पंचनामाही स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला.

कामाविषयी मात्र मुलांच्या डोक्यात गोड चित्र भरू नका. बीटगार्डचा दिवस वाघ-बिबट्यात जात नाही. हिवाळा संपता संपता जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवताचे पट्टे आधीच जाळून किंवा कापून ठेवायचे, जेणेकरून वणवा पुढे सरकणार नाही. उन्हाळ्यात धूर दिसला की झाडाची हिरवी फांदी तोडून धावायचे. पावसाळ्यात रोपवन, त्याची मोजणी आणि जगलेल्या रोपांचा हिशोब. वर्षभर गस्त, अतिक्रमण, गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, कोर्टाच्या तारखा. मुंबईत तर त्यात बिबट्या दिसला म्हणून जमलेल्या गर्दीला आवरणे हे वेगळे काम आहे, आणि माझा अनुभव असा की त्या प्रसंगी बिबट्याचा त्रास कमी आणि मोबाइलवाल्यांचा जास्त असतो.

पुढची पायरी हवी असेल तर वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक ही पदे राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेतून भरली जातात. भारतीय वनसेवेसाठी केंद्राची परीक्षा आहे. तिथे पदवीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी विषय असावा लागतो, किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची पदवी चालते. अकरावीत शाखा निवडतानाच हे सांगायला हवे. पदवी झाल्यावर सांगून उपयोग नसतो.

दादर_पश्चिम

स्पष्ट बोलतो, राग नसावा. माझ्या मुलाने संगणक अभियांत्रिकीची नोकरी सोडून दोन वर्षे एका संस्थेत काम केले. पैसे किती, तर आमच्याकडून पाठवावे लागायचे इतके. आता तो पुन्हा आयटीत आहे आणि दर शनिवार-रविवारी पक्षी बघतो. आनंदी आहे. निसर्ग हा सुट्टीचा आणि नोकरी ही नोकरीची, असे मानले तर काय बिघडते? सरांनी त्या मुलीला भलत्या आशेला लावू नये, एवढेच.

नाचण

दादरचे काका म्हणतात तो अनुभव मी स्वतः घेतला आहे, त्यामुळे मी त्यांच्याशी अर्धी सहमत आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी सविस्तर लिहिते.

मी कल्याणची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पहिले आठ महिने जेवण आणि राहण्याची सोय एवढ्यावर काम केले, कारण "अनुभव" नसल्याने कोणी पगारावर घेत नव्हते आणि पगारावर न घेतल्याने अनुभव मिळत नव्हता. वडील रेल्वेत होते, म्हणून ते आठ महिने निभावले. ज्यांचे निभावत नाहीत ते याच टप्प्यावर गळतात, आणि मग संवर्धनाच्या परिषदांमध्ये सगळीकडे एकाच वर्गातली, एकाच प्रकारचे इंग्रजी बोलणारी मंडळी का दिसतात, याचे आपण आश्चर्य करतो. बिनपगारी उमेदवारीला "संधी" म्हणणे या क्षेत्राने बंद करावे, असे माझे ठाम मत आहे.

आता काम कसे असते ते सांगते, कारण निसर्गफेरीत ते दिसत नाही. बिबट्यांची गणना घ्या. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही कुशी टिपल्या जातात. कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर बांधायचे, बॅटऱ्या बदलायच्या, चोरीला गेले तर पोलिसांत जायचे. मग घरी येऊन हजारो छायाचित्रे बघायची, ज्यांत बहुतेक कुत्री, गुरे, वाऱ्याने हललेली फांदी आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बायका असतात. (माणसांची छायाचित्रे बाजूला काढून टाकायची असतात. हे कोणी शिकवत नाही. पण शिकवायला हवे.) उरलेल्या बिबट्यांच्या कुशी जुळवत बसायचे, आणि शेवटी संख्याशास्त्र. एकदा दिसलेला बिबट्या पुन्हा किती वेळा दिसला, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. मला पहिली पगारी नोकरी मिळाली ती पक्षी ओळखता येतात म्हणून नव्हे; संगणकावर नकाशे बनवता येतात आणि आकडेवारी हाताळता येते म्हणून मिळाली. म्हणून बारावीच्या मुलांना एकच सल्ला: गणिताला घाबरून जीवशास्त्राकडे आलेल्यांनी गणिताशी समेट करावा.

दुसरे कौशल्य मराठीचे. ते मुंबईच्या मुलांकडे आहे आणि त्याची किंमत त्यांना माहीत नाही. गावात जाऊन, बिबट्याने शेळी नेलेल्या बाईसमोर बसून, तिचे ऐकून घेऊन नुकसानभरपाईचा अर्ज भरून देणारे माणूस प्रकल्पाला हवेच असते, आणि ते परदेशी पदवीने येत नाही. याउलट मुंबईतल्या बहुतेक निसर्गफेऱ्या इंग्रजीत होतात. एकदा मी स्वयंसेवक म्हणून गेले असताना पालिकेच्या शाळेतली मुले तासभर मुकाट चालत होती. मग मी एका पक्ष्याचे मराठी नाव घेत सहज "तांबट" म्हटले, तर एक मुलगा म्हणाला, "तो तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखा आवाज करतो ना?" त्यानंतर ती मुले थांबेनात.

शिक्षणाच्या वाटा: देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थानाची एम.एस्सी., बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा (एनसीबीएस) वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम, जवळच हवे तर पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता. पहिल्या दोन ठिकाणी जागा मूठभर आहेत. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे मिळते. घरी पैसे देऊन संशोधन करता येईल असा हा सर्वांत खात्रीचा मार्ग. प्रकल्पांवरच्या नोकऱ्या कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की संपतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मी सहा वर्षांत चार नोकऱ्या केल्या.

एक इशारा. २००६ च्या अधिसूचनेमुळे मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी सल्लागार कंपन्या नव्या पदवीधरांना बऱ्या पगारावर घेतात. काम प्रामाणिकपणे झाले तर महत्त्वाचे आहे. पण मला एका कंपनीने भर मे महिन्यात दोन दिवसांत एका खाडीची पक्षीसूची करायला सांगितले होते, जेव्हा स्थलांतरित पक्षी निघून गेलेले असतात. मी सूचीवर तारखा ठळक अक्षरांत घातल्या. अहवालात त्या बारीक झाल्या.

उधाणभरती

जंगलाचे बरेच बोलून झाले. समुद्राचे कोणीच बोलले नाही, हे मुंबईत नवल आहे. मी वेसाव्याचा कोळी.

अलीकडे हाजीअली, गिरगाव, जुहू या किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी फेऱ्या निघतात आणि शहरातली मुले खडकांच्या खळग्यांत समुद्रफुले, गोगलगायी, खेकडे बघतात. उत्तम आहे. या फेऱ्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतात, कारण उधाणाला भरती जशी मोठी तशी ओहोटीही दूर जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसे हटतच नाही. हे गणित आमच्या घरात आठ वर्षांच्या पोराला येते. तरी त्या फेऱ्यांमध्ये कोळीवाड्यातली मुले क्वचित दिसतात, आणि दिसली तर बघ्यांमध्ये असतात, सांगणाऱ्यांमध्ये नसतात.

माझ्या पुतण्याने रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. केले. आमच्या वेसाव्यात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून आहे, पण तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्यामुळे आधी बाहेर जावेच लागते. मत्स्यव्यवसाय विभाग, संशोधन संस्था, खेकडापालन आणि कालवांचे प्रकल्प अशा जागा त्या पदवीनंतर असतात. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, आणि त्याच्या प्रतिष्ठानातर्फे किनाऱ्यावरच्या गावांत उपजीविकेच्या योजना चालतात. ऐरोलीच्या केंद्रातून खाडीत बोटीने रोहित दाखवायला नेतात. कांदळवनातले तिवर कोणते, चिप्पी कोणती, निवट्या मासे कुठल्या चिखलात उड्या मारतात, हे पुस्तकाशिवाय सांगणारी माणसे अशा कामांना लागतात. सरांच्या वर्गात भांडुप-नाहूर-मुलुंडच्या खाडीकडची मुले असतील तर त्यांना आधी खाडीकडे न्या. बोरिवली दूर आहे, खाडी मागे आहे.

दादर_पश्चिम

उधाणभरती, "सांगणाऱ्यांमध्ये नसतात" हे वाक्य पटले. नाचण यांनी सांगितलेली आठ महिन्यांची गोष्ट माझ्या मुलाचीच आहे. त्याला आम्ही पैसे पाठवू शकलो, हे मी त्याच्या हट्टाच्या खात्यात टाकत होतो; आता वाटते की ते आमच्या ऐपतीच्या खात्यात टाकायला हवे होते.

काळा_डगला

एक वाट राहिली. मुंबईची कांदळवने आज जेवढी उरली आहेत त्यामागे न्यायालयांचा मोठा वाटा आहे: उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश, आणि २०१८ चा निकाल, ज्यात कांदळवनांचा नाश हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदाचा भंग मानला गेला. त्या खटल्यांत वकील लागले, उपग्रहचित्रे वाचणारे लागले, सातबारा आणि विकास आराखडा समजणारे लागले. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलाला विधी महाविद्यालयातून इथे येता येते. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापुढे काम करणाऱ्या तरुण वकिलांना सुरुवातीला कमाई बेताचीच असते, पण इतर दिवाणी कामे करत हे काम चालवता येते. मी तेच करतो.

सातवी_तासिका

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांत जे झाले ते कळवतो.

धाग्यातली माहिती मराठीत दोन पानांवर उतरवून मी अकरावीच्या चारही तुकड्यांत वाचून दाखवली: कोणत्या विषयाने कोणते दार उघडते, कोणते बंद होते आणि पहिला पगार केव्हा. त्यात पशुवैद्यकाची माझ्या परीने भर घातली, कारण परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लोकलने अर्ध्या तासावर असूनही वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देणाऱ्या माझ्या मुलांपैकी कोणाच्याही पसंतीच्या यादीत ते नव्हते. यंदा पर्यावरणाच्या जुन्या वह्या स्वीकारणार नाही, असे जाहीर केले आहे. त्याऐवजी प्रत्येकाने घरापासून दहा मिनिटांच्या अंतरातली एक जागा निवडून वर्षभर दर पंधरवड्याला तिच्या नोंदी करायच्या आहेत. उधाणभरती यांच्या सूचनेनुसार पुढची फेरी खाडीवर आहे, आणि सांगायला माझ्याच वर्गातल्या दोन मुली असतील, ज्यांचे आजोबा खाडीत मासेमारी करत असत. मुख्याध्यापकांनी त्यांना प्रत्येकी दोनशे रुपये मानधन मंजूर केले. "विद्यार्थ्यांना कशाला पैसे?" असे त्यांनी आधी विचारले, तेव्हा मी त्यांना नाचण यांचा प्रतिसाद वाचायला दिला.

भांडुपच्या विद्यार्थिनीने सर्व प्रतिसाद वाचले. दादरच्या काकांचे दोनदा. तिचा कल तूर्त वनरक्षकाकडे आहे, आणि नोकरीत राहून पुढे बाहेरून पदवी घ्यायची, मग वनसेवा परीक्षा द्यायची, असा तिने स्वतःच हिशोब मांडला आहे. वस्तीतल्या चढावर तिने सकाळी धावायला सुरुवातही केली आहे, उजाडल्यानंतर. तिला जाळरेषा यांना एक प्रश्न विचारायचा आहे, तिच्याच शब्दांत: "२१,७०० मध्ये घरभाडे धरले आहे की ते वेगळे मिळते?"

जाळरेषा

वेगळे मिळते. २१,७०० हे मूळ वेतन. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर. तिला म्हणावे, अधिवास आणि जातीचे दाखले आत्ताच काढून ठेव, जाहिरात निघाल्यावर तहसीलदार कचेरीत रांग लागते. आणि धावण्याचा सराव चढावर करते आहे ते उत्तमच, पण आठवड्यातून दोनदा सपाटीवर घड्याळ लावून धावायला सांगा.